पॅनेल गायब? मग आता अख्खी सिस्टिमच नव्याने टाका

अपग्रेड झालं, मशीन पुन्हा सुरू झालं आणि खालची पट्टी, म्हणजे पॅनेल, गायब. किंवा पट्टी आहे, पण घड्याळ मधोमध येऊन बसलंय, आवाजाचं चिन्ह दोनदा दिसतंय आणि मेनूच्या जागी नुसता कोरा चौकोन. अभिनंदन! लिनक्सचा डेस्कटॉप वापरणाऱ्याला अशी संधी वर्षातून एकदोनदाच मिळते. ती दहा मिनिटांत निकालात काढू नका. नीट नेट लावला तर यातून अख्खा शनिवार-रविवार निघतो.

अपग्रेड अजून व्हायचं असेल, तर सुरुवात तिथूनच करा. ते चालू असताना डेस्कटॉप वापरत राहा आणि झाल्यावर रीस्टार्ट टाळा. पॅनेलचा प्रोग्रॅम मेमरीत जुना, डिस्कवरचे प्लगइन, म्हणजे त्याचे जोडभाग, नवे. दोघांची गाठ पडली की पॅनेल कोसळतं. हा बिघाड नुसत्या रीस्टार्टने जातो, म्हणून रीस्टार्टच्या आधीच सेटिंग्ज उपसायला घ्या. म्हणजे नंतर खरा बिघाड हाताशी राहील.

लिनक्सवर डेस्कटॉपही अनेक. त्यातला ग्नोम वापरत असाल तर दहाबारा एक्स्टेन्शन्स, म्हणजे त्याला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, हवीतच. कोणतं एक्स्टेन्शन कोणत्या आवृत्तीवर चालतं, याची यादी त्याच्याच एका छोट्या फाइलीत असते. नवी आवृत्ती त्या यादीत नसली की ते बंद पडतं. तुम्ही त्या यादीत नवा आकडा हाताने टाइप करा. पूर्वी ही युक्ती कधीकधी चालायचीही. सप्टेंबर 2023 मध्ये आलेल्या ग्नोम 45 ने जावास्क्रिप्ट मॉड्यूल लोड करण्याची पद्धतच बदलली, त्यामुळे 44 साठी लिहिलेलं एक्स्टेन्शन आकडा बदलून उठत नाही. कोड बदलावा लागतो. तरी आकडा बदलत राहा.

केडीईवाल्यांची, म्हणजे प्लाझ्मा डेस्कटॉप वापरणाऱ्यांची, सोय वेगळी. फेब्रुवारी 2024 मध्ये आलेल्या प्लाझ्मा 6 मध्ये पॅनेल मुळातच कडेपासून जरा सुटं, तरंगतं दिसतं. पॅनेलच्या सेटिंगमध्ये ते एका क्लिकवर चिकटतं. तिकडे फिरकू नका, ग्राफिक्स ड्रायव्हर बदला.

आता मेनू. पूर्वी कधीतरी मेनू एडिटरमधून एखाद्या प्रोग्रॅमचं नाव किंवा चिन्ह बदललं होतंत? तेव्हा त्या प्रोग्रॅमच्या डेस्कटॉप फाइलीची, म्हणजे त्याची मेनूतली नोंद ठेवणाऱ्या फाइलीची, एक प्रत तुमच्या होम फोल्डरमध्ये, 'लोकल'खालच्या 'शेअर'मधल्या 'ॲप्लिकेशन्स'मध्ये जाऊन बसली. एकाच नावाच्या दोन फाइली असल्या की तुमची प्रत जिंकते आणि सिस्टिमची फाइल वाचलीच जात नाही. अपग्रेडमध्ये प्रोग्रॅमची जागा बदलली, की तुमची प्रत जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहते आणि बऱ्याच डेस्कटॉपवर ती नोंद मेनूतून चुपचाप नाहीशी होते. ती एक प्रत बाजूला सरकवली की काम होतं. पण तुम्ही प्रोग्रॅम काढून पुन्हा टाका, चार वेळा. प्रोग्रॅम टाकणारा-काढणारा पॅकेज मॅनेजर तुमच्या होममधल्या फाइलीला हात लावत नाही, त्यामुळे निकाल चारही वेळा तोच येईल याची खात्री बाळगा.

एक्सएफसीई हा डेस्कटॉप तर पर्वणीच. तिथे पॅनेलची मांडणी एका एक्सएमएल फाइलीत असते, पण सेटिंग्ज सांभाळणारी सेवा ती मांडणी मेमरीतही धरून असते. म्हणून सेशन चालू ठेवूनच फाइल उडवा. सेवा तिची जुनी मांडणी परत लिहून ठेवील आणि फाइल जिवंत होईल. आधी पॅनेल बंद करायचं, मग ती सेवा, मग फाइलीचं नाव बदलायचं आणि शेवटी पॅनेल सुरू करायचं, असला क्रम रसिकतेला शोभत नाही. शिवाय पॅनेल बंद असतानाच लॉगआउट करा आणि 'सेशन जतन करा'वर खूण राहू द्या. पुढच्या वेळी पॅनेलशिवायचंच सेशन इमानाने उघडेल. (याचा दोष अर्थातच अपग्रेडला द्यायचा.)

दोन मॉनिटर असतील तर आणखी मजा. अपग्रेडने तुम्हाला पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या जुन्या एक्स-इलेव्हन व्यवस्थेवरून नव्या वेलँडवर नेलं, की त्याच केबलचं नाव 'एचडीएमआय-1' वरून 'एचडीएमआय-ए-1' होऊ शकतं. जुन्या नावाला बांधलेलं पॅनेल मग अस्तित्वात नसलेल्या पडद्याची वाट पाहत बसतं. तुम्ही केबल बदलून पाहा.

काहीच जमेना, तर पॅनेलची सेटिंग फाइल सुडो लावून, म्हणजे रूट या सर्वाधिकारी खात्याच्या अधिकाराने, एडिटरमध्ये उघडा. एडिटरने नवी फाइल लिहून जुनीच्या जागी ठेवली, तर तिची मालकी रूटकडे जाऊ शकते. मग तुम्ही केलेला बदल लॉगआउटपर्यंत टिकतो आणि लॉगइनला नाहीसा होतो. हा बिघाड शोधायला भलेभले दमतात, कारण पडद्यावर सगळं व्यवस्थित दिसतं. फाइलींची यादी मालकाच्या नावासकट पाहिली तर तो एका नजरेत सापडतो, म्हणून यादी पाहू नका.

आता मुख्य कार्यक्रम: सिस्टिम नव्याने टाकणे. पेन ड्राइव्ह तयार करा, आणि इन्स्टॉलरने विचारलं की शहाण्यासारखं सांगा, होम विभाजन तसंच ठेव, माझे फोटो आहेत. दोनतीन तासांनी कोरी करकरीत सिस्टिम सुरू होईल आणि पॅनेल होतं तसंच मोडलेलं समोर येईल. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ होम फोल्डरमध्ये, नावाआधी टिंब असलेल्या लपलेल्या 'कॉन्फिग' फोल्डरमध्ये असतो. प्रोग्रॅम नवा आला, सेटिंग जुनीच राहिली, भांडण त्या दोघांचं होतं. अपग्रेडने त्या फोल्डरला हात लावला नव्हता आणि तुम्हीही आत्ता फोटोंबरोबर तो जपून ठेवलात.

हे लक्षात आल्यावर तरी धीर सोडू नका. अख्खं 'कॉन्फिग' फोल्डर पुसून टाका, नाव बदलून बाजूला ठेवण्याचा भेकडपणा नको. सिनॅमन किंवा ग्नोम डेस्कटॉपमध्ये डीकॉन्फची, म्हणजे सेटिंग्जच्या सामाईक साठ्याची, एकच फाइल पुसलीत तरी पॅनेलसोबत शॉर्टकट, वॉलपेपर आणि टेक्स्ट एडिटरच्या आवडीनिवडीही जातात. फक्त पॅनेलच्या नोंदी रीसेट करता येतात म्हणे, पण तेवढ्याने वीकेंड भरत नाही.

एक पथ्य मात्र कडक पाळा. चुकूनही नवं वापरकर्ता खातं उघडून त्यात लॉगइन करू नका. दोन मिनिटांत कळेल की दोष सिस्टिमचा आहे की तुमच्या जुन्या सेटिंग्जचा. मोह आवरलाच नाही आणि तिथे पॅनेल ठणठणीत दिसलं, तर ते खातं ताबडतोब पुसा. पुरावा मागे राहायला नको.