सुवर्ण नियम : घडणावळ वेगळी

इतरांनी आपल्याशी जसं वागावं असं वाटतं, तसंच आपण इतरांशी वागावं. शाळेत फळ्यावर सुविचार लिहायची पाळी आली तेव्हा हा तुम्ही एकदा तरी लिहिला असेल, म्हणजे नियम तुम्हाला पाठ आहे. आता नियम पाळण्याचं. तिथे भलेभले फसतात, कारण ते तो खरोखर पाळायला जातात. अहो, सोनं अंगावर घालून रोज भाजी आणायला कोण जातं? लॉकरमध्ये ठेवायचं, लग्नकार्यात मिरवायचं.

मिरवायला माल भरपूर आहे. महाभारताच्या अनुशासनपर्वात आहे, कन्फ्यूशियसने शिष्याला सांगितलं आहे. ज्यूंचा गुरू हिलेल याच्याकडे एक जण आला आणि म्हणाला, मी एका पायावर उभा आहे तेवढ्यात तुमचा सगळा धर्म शिकवा. हिलेल म्हणाला, तुला जे नकोसं वाटतं ते दुसऱ्याला करू नकोस, बाकी सगळं त्यावरचं भाष्य. जा आणि शीक. ही गोष्ट सांगताना ‘जा आणि शीक’ गाळावं. १९९३ साली शिकागोला जगभरच्या धर्मांचे लोक जमले, त्यांच्या जाहीरनाम्यातही हाच नियम आहे. एवढं बोलून झालं की लोक तुमच्याकडे आदराने बघतात आणि पुढचं कोणी तपासत नाही.

येशूने तो होकारार्थी सांगितला : करा. ‘करू नका’पेक्षा हे बरं, कारण यात आग्रह बसतो. तुम्हाला पुरणपोळीवर तूप आवडतं ना? मग पंगतीत पाहुण्याला वाढा. त्याने ताटावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून धार सोडा. तो म्हणेल, शुगर आहे हो. तुम्ही म्हणा, एक दिवसाने काय होतंय! तुम्हाला कोणी आग्रह केला नाही तर तुम्ही वर्षभर ते बोलून दाखवता, मग त्याला उपाशी कसं ठेवणार? बर्नार्ड शॉ नावाच्या गृहस्थाने १९०३ साली लिहून ठेवलंय की लोकांशी तसं वागू नका, त्यांची आवड तुमच्यापेक्षा वेगळी असू शकते. शाकाहारी होता तो. आमच्याकडे एकदा जेवला असता तर मत बदललं असतं.

नियमाचा गाभा आहे ‘जागा’. दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघायचं, असं म्हणतात. हे शिकायला संध्याकाळची लोकल उत्तम. बाक तिघांचा. तुम्ही उभे असाल तर बसलेल्या तिघांनी तुमच्या जागी स्वतःला ठेवून बघावं, अशी तुमची रास्त अपेक्षा असते. ‘जरा सरकून घ्या’ म्हणा आणि चौथी सीट मिळवा. अर्धी मांडी बाकावर, अर्धी हवेत. कुर्ल्याला खिडकीवाला उतरला, तुम्ही आत सरकलात, की मांडी घट्ट रोवा, बॅग मांडीवर घ्या आणि डोळे मिटा. आता जो कोणी समोर येऊन उभा राहील त्याने तुमच्या जागी स्वतःला ठेवून बघावं : दमलेला माणूस, जरा कुठे डोळा लागलेला. दोन्ही वेळा नियम पाळला गेलाच की. फक्त जागा बदलून बघण्याचं काम दोन्ही वेळा समोरच्याकडे गेलं.

चौकात हवालदाराने अडवलं तरी हेच. ‘साहेब, माझ्या जागी तुम्ही असता तर?’ जर्मन तत्त्वज्ञ कांटने ही मेख १७८५ सालीच ओळखली होती. एका तळटीपेत तो म्हणतो की हा नियम धरून बसलं तर गुन्हेगारसुद्धा शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशाशी वाद घालेल. त्याने तक्रार म्हणून लिहिलं, तुम्ही सूचना म्हणून वाचा.

अलीकडे हॅरी गेन्सलरसारख्या अभ्यासकांनी मात्र फार खोडी काढून ठेवली. दुसऱ्याच्या जागी जाताना आपलं पोट, आपला पगार, आपल्या आवडी बरोबर न्यायच्या नाहीत म्हणे. त्याची शुगर घेऊन पंगतीत बसायचं आणि विचारायचं, असं असताना मला कोणी तूप वाढलेलं आत्ता मला चालेल का? यात तुपाचीही बचत होते, पण मजा जाते. आणि मुख्य म्हणजे सोसायटी चालवता येत नाही.

आमच्याकडचंच घ्या. वॉचमनची बारा तासांची ड्यूटी, रात्री खुर्चीत डुलकी लागते, म्हणून मीटिंगमध्ये खुर्ची काढायचं ठरलं. मी मुद्दाम सुवर्ण नियम लावून बघितला. त्याच्या जागी मी असतो तर? मी मनोमन गेटवर जाऊन उभा राहिलो : रात्री आठ तास झोपलेला, डब्यात थालीपीठ, खिशात ‘उद्या सुट्टी टाकू’ म्हणण्याची सोय. पाय अजिबात दुखले नाहीत. मी हात वर केला. ठराव एकमताने मंजूर झाला.

खुर्ची वाया गेली नाही. आषाढीला हॉलमध्ये भजन होतं, माझ्या गुडघ्यांमुळे मला सतरंजीवर बसवत नाही, तेव्हा तीच आणून दिली. आणून कोणी दिली, तर वॉचमननेच. मग तो दाराशी उभा राहिला. ‘दया करणें जें पुत्रासी, तेंचि दासा आणि दासी’ ही ओळ आली तेव्हा आम्ही सगळ्यांनी ती दोनदा घेतली आणि तो तिकडून टाळ्यांनी साथ देत होता. ताल चांगला धरतो.