सांभाळणारीचे तास कोण मोजणार?

घरात कॅन्सरचा विषय निघाला की महाराष्ट्रात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आपल्याकडे करायला घरची माणसं असतात, तिकडे कोण असतं?" इंग्लंडमधून ऐकताना ते अर्धं पटतं. इथलं एकटेपण खरंच आहे. पण आपल्याकडे घरात माणसं पाच असली, तरी करणारी बहुतेक वेळा एकच असते: बायको, सून, नाहीतर लग्न न झालेली मुलगी.

आपल्याकडे फार आढळणारा तोंडाचा कॅन्सर घ्या. ऑपरेशननंतर किंवा रेडिएशन चालू असताना अनेकांना नाकातून नळी असते. दर दोन-तीन तासांनी २०० ते २५० मिलिलिटर पातळ अन्न द्यायचं. ते मिक्सरमधून काढून गाळायचं, पेशंटला टेकवून बसवायचं, सावकाश सोडायचं, आधी आणि नंतर पाण्याने नळी धुवायची. त्यानंतर अर्धा-एक तास आडवं होऊ द्यायचं नाही, नाहीतर अन्न उलटून श्वासनलिकेत जायची भीती. गोळ्यांची भरड राहिली की नळी तुंबते. जोर लावून चालत नाही, आणि सुटली नाही तर पुन्हा हॉस्पिटल, म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली. एका वेळेला पाऊण तास धरा, दिवसातून सात वेळा. आठवड्याचे ३६ तासांहून जास्त झाले, तेही फक्त भरवण्याचे. ड्रेसिंग, उलट्या, रात्रीची जाग यांत धरलेली नाही.

ब्रिटनमध्ये काळजीवाहू भत्त्यासाठी आठवड्याला ३५ तासांची अट आहे, आणखी अटी आहेतच. म्हणजे आपली सून नुसत्या नळीवर ती ओलांडते. भत्ता तुटपुंजाच: २०२५-२६ मध्ये तो आठवड्याला ८३.३० पौंड होता, आणि नोकरीची निव्वळ कमाई १९६ पौंडांच्या वर गेली की सगळाच बंद व्हायचा. एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून वर्षाला आठवडाभर काळजी-रजा मिळते, तीही बिनपगारी. याचं कौतुक करावं असं फार काही नाही.

आपण उचलावी अशी गोष्ट दुसरीच आहे. २०१४ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये सांभाळणाऱ्याचीही स्वतंत्र पाहणी होते: झोप, नोकरी, तब्येत, आणि हे पुढे करायची तुमची तयारी व इच्छा आहे का? हा शेवटचा प्रश्न आपल्याकडे सुनेला कुणी विचारतं का? महात्मा फुले योजना उपचाराचा खर्च उचलते, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी नाही. रेल्वे मात्र त्या माणसाला ओळखते: स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पेशंटला १०० टक्के सवलत, सोबत्याला ७५.

केस पेपरवर सांभाळणाऱ्याच्या नावाची आणि झोपेच्या तासांची एक ओळ असायला फार खर्च येत नाही. त्या ओळीवरून डॉक्टरांना औषधही बदलता येतं. मॉर्फिन या तीव्र वेदनेवरच्या औषधाच्या साध्या गोळ्या दर चार तासांनी असतात. झोपताना दुप्पट मात्रा दिली तर मधली रात्रीची वेळ टळते आणि दोघांनाही झोप मिळते. हे डॉक्टरांनीच ठरवायचं, पण विचारावं जरूर. आणि मॉर्फिनबरोबर पोट साफ होण्याचं औषध आहे का तेही पाहावं. ते राहिलं की बद्धकोष्ठतेचा त्रास पेशंटला आणि रात्रीची धावपळ घरच्यांना.

वांद्र्याचं शांती आवेदना सदन हे हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर पेशंटना सांभाळणारी जागा, १९८६ पासून आहे, तरी हॉस्पिसमध्ये नेलं की "टाकून आले" म्हणणारे नातेवाईक अजून भेटतात. असं म्हणणाऱ्याने आधी चार रात्री जागाव्यात.

परदेशात राहणारे आपण पैसे पाठवतो, ते लागतातच. पण घरातल्या करणारीला रोज संध्याकाळी वीस फोनांना तेच सांगावं लागतं. ते काम इथून होतं: तिच्याशी दहा मिनिटं बोलायचं, खुशाली आपण ग्रुपवर टाकायची, सगळ्यांना सांगायचं की तिला फोन करू नका. रिपोर्टचे फोटो तारखेवार लावणं, पुढची अपॉइंटमेंट, विम्याचे कागद हेही आपलं. आठवड्यातल्या दोन रात्रींसाठी आयाबाई ठरवायची असेल तर ठरवणं आणि पैसे देणं दोन्ही आपण करावं, म्हणजे "मला मदत हवी" हे तिला तोंडाने मागावं लागणार नाही.