धाक संपला म्हणे! कोणाचा?

‘मोबाईल आला, धाक गेला, समाज नासला’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या भावकीच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यात पाच मुद्दे आहेत, खाली जोडलेले हात आहेत आणि ‘मुलीचा बाप असाल तर पुढे पाठवा’ अशी तंबीही आहे. असले मेसेज मी एरवी न वाचताच पुसते. पण हा वाचून आमच्या दाजींनी बारावीतल्या भाचीचा फोन काढून कपाटात ठेवला. आता शिष्यवृत्तीच्या अर्जाचा ओटीपी यायचा तर तो कपाटात येतो. म्हणून हे लिहिणं आलं.

पहिला मुद्दा असा की इंटरनेटमुळे सगळे एका पातळीवर आले, जातपात उरली नाही. तक्रारीच्या सुरात हे लिहिलंय, ते सोडा. पण खरं तरी आहे का? लग्न जुळवणारी कुठलीही वेबसाइट उघडा. जात, पोटजात, गोत्र, सगळ्याचे रकाने तयार. पूर्वी मध्यस्थाला चार तालुके फिरावे लागायचे, आता हव्या त्या पोटजातीचं स्थळ थेट अमेरिकेतलं मिळतं. 2011-12 च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय लग्नं जेमतेम पाच टक्के निघाली होती. जातीला इंटरनेट बाधलेलं नाही, मानवलंय.

दुसरा मुद्दा दाजींना लागला तो: ‘सगळ्या मुलींच्या हातात मोबाईल, शंभरातल्या नव्वद इन्स्टाग्रामवर फसतात.’ हा नव्वदचा आकडा कुठला, हे मेसेजमध्ये नाही. मोजून काढलेला आकडा हवा असेल तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण बघा, 2019-21 चं. आयुष्यात एकदा तरी इंटरनेट वापरलंय असं सांगणाऱ्या बायका देशात 33 टक्के, पुरुष 57 टक्के. महाराष्ट्रात बायका 38 टक्के आणि पुरुष 61 टक्क्यांच्या वर. पुढारलेल्या महाराष्ट्रात! आणि हे ‘एकदा तरी’चं प्रमाण आहे, रोजचं नव्हे. घरात एकच फोन असेल तर तो कोणाच्या शर्टाच्या खिशात असतो, हे सांगायला सर्वेक्षणही नको.

फोटो पसरवायची धमकी देऊन मुलींना छळणारे असतात, हे मान्य. नाकारून कसं चालेल? पण धमकी देतो मुलगा आणि फोन जातो मुलीचा, हा कुठला न्याय? घरी कळलं तर फोन जाईल, कॉलेज सुटेल, या भीतीनंच पोरी तोंड उघडत नाहीत. धमकी देणाऱ्याचं सगळं बळ त्या भीतीत असतं, आणि ते त्याला घरातलेच पुरवतात.

आता तिसरा मुद्दा. इथे मात्र डोकं फिरलं. ‘पूर्वी पंचांचा धाक होता. चार जाणती माणसं बसायची, तंटा मिटायचा, मुलीबाळी मर्यादेत राहायच्या.’

कंजारभाट समाजाच्या जातपंचायतीची मर्यादा कशी होती, ते सांगते. लग्नाच्या रात्री नवरीच्या कौमार्याची परीक्षा, पुरावा म्हणून पांढरी चादर. नंतर भरल्या पंचायतीत नवऱ्याला विचारायचं, माल खरा की खोटा. माल! मुलगी ‘खोटी’ ठरली तर अपमान, मारहाण, दंड. ही त्या जाणत्या माणसांची मिटवामिटवी.

त्याविरुद्ध आवाज उठला तो कुठून? विवेक तमायचीकर आणि त्याच समाजातल्या इतर तरुण मुलामुलींनी व्हॉट्सॲपवर ‘स्टॉप द व्ही रिच्युअल’ नावाचा ग्रुप काढला; ‘व्ही’ म्हणजे व्हर्जिनिटी, कौमार्य. जे घरात बोलता येत नव्हतं, ते तिथे बोलले. जानेवारी 2018 मध्ये पिंपरीत एका लग्नात या मोहिमेतल्या तरुणांना मारहाण झाली. तमायचीकरांनी ही परीक्षा न देता लग्न केलं, तर त्याच वर्षी नवरात्रात त्यांच्या बायकोला दांडिया खेळू दिला नाही. ती खेळायला उतरली आणि गाणीच बंद झाली. फेब्रुवारी 2019 मध्ये राज्य सरकारनं अशी परीक्षा लैंगिक अत्याचार मानली जाईल, असं जाहीर केलं.

एका ग्रुपनं जातपंचायती संपल्या, असं मी म्हणणार नाही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं जातपंचायत मूठमाती अभियान 2013 पासून चालू होतं, आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा विधिमंडळानं 2016 मध्ये केला, तो 2017 मध्ये लागू झाला. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ज्या धाकाची आठवण काढून मेसेजवाले गहिवरतात, तो आज गुन्हा आहे.

चौथा मुद्दा अफवांचा, मोबाईलमुळे अफवा पसरून माणसं मरतात असा, आणि इथे अर्धं सत्य आहे. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठार केलं. मंगळवेढ्याकडचे भिक्षेकरी होते, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातले. अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होती. पण मारलं कुठे? ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून. गावाचा धाक तिथे कामी आला नाही. व्हॉट्सॲप मेसेज पुढे पाठवण्यावर त्याच महिन्यात देशभर एका वेळी पाच चॅटची मर्यादा आली, ती उगाच नाही. ‘पुढे पाठवा’वाल्यांनी हे जरा लक्षात घ्यावं.

पाचव्यात दोन थापा एकत्र आहेत. यवतमाळच्या एका गावानं मुलींना मोबाईलबंदी केली म्हणे. पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाचा 2022 चा तो ठराव अठराच्या आतल्या सगळ्यांसाठी होता, मुलगेही त्यात आले. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात तर संध्याकाळी भोंगा वाजला की दीड तास मोठ्यांचेही फोन आणि टीव्ही बंद. याला माझी हरकत नाही. दाजींनी तेवढा वेळ आपलाही फोन कपाटात ठेवावा.

दुसरी थाप, ‘प्रेमविवाहाला आईवडिलांची सही सुप्रीम कोर्टानं सक्तीची केली.’ साफ खोटं. मुलगी 18 ची, मुलगा 21 चा असला की कायद्याला त्या दोघांची संमती पुरते. सर्वोच्च न्यायालयानं मार्च 2018 मध्ये बजावलंय की दोन सज्ञान माणसांच्या लग्नात खाप पंचायतीनं, म्हणजे उत्तरेतल्या जातपंचायतीनं, लुडबूड करणं बेकायदा आहे.

आणि मुलींच्या फोनबद्दलच कोर्टाचं ऐकायचं असेल तर केरळ उच्च न्यायालयाचं ऐका. कॉलेजच्या वसतिगृहात मुलींना संध्याकाळी सहा ते रात्री दहा मोबाईलबंदी होती, एक विद्यार्थिनी कोर्टात गेली. सप्टेंबर 2019 मध्ये निकाल लागला: इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे. तिला वसतिगृहात परत घ्यावं लागलं. दाजी, वसतिगृहाला जे जमलं नाही ते तुमच्या कपाटानं करू नये. अर्जाची मुदत कोणासाठी थांबत नाही.