‘गेम वेगळा दिसतोय ना, मग झालं!’ : सोर्स कोड चोरीबद्दलच्या एका फिरत्या दाव्याला उत्तर

गेम बनवायला शिकणाऱ्या मुलांमध्ये एक मजकूर बराच फिरतो. शब्द इकडचे तिकडे होतात, गाभा तोच राहतो: ‘सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर) चोरल्याचे खटले म्हणजे बड्या कंपन्यांनी छोट्यांना घाबरवायची युक्ती. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, त्यामुळे गेम वेगळा दिसला की विषय संपला. कोडमधली नावं बदलली की पुरावा उरत नाही. लीक झालेला कोड सगळ्यांचाच. फार तर दंड होतो, गेम चालूच राहतो. आणि तुम्ही स्वतः लिहिलेला कोड नोकरी सोडताना बिनधास्त बरोबर न्या.’

यातलं ‘कल्पनेवर कॉपीराइट नसतो’ एवढं खरं आहे, घाबरवण्याबद्दलचं अर्धं खरं. बाकीचं वाचून कुणी वागलाच, तर त्याला वकील शोधावा लागेल. कारण कोर्टात गेम कसा दिसतो यापेक्षा कोड तुमच्या हातात कुठल्या वाटेने आला, हे आधी विचारलं जातं.

‘बड्यांनी छोट्यांना घाबरवायची युक्ती’

या प्रकारातला सगळ्यात गाजलेला खटला छोट्यानेच मोठ्यावर भरला होता. सिलिकॉन नाइट्स ही कॅनडातल्या ओंटारिओमधली कंपनी. तिने एपिक गेम्सकडून अनरियल इंजिन ३ (गेम ज्यावर उभा राहतो ते तयार सॉफ्टवेअर) परवान्यावर घेतलं आणि जुलै २००७ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या फेडरल कोर्टात एपिकलाच खेचलं. तक्रार अशी की चालतं इंजिन वेळेवर दिलं नाही, चांगल्या सुधारणा एपिकने स्वतःच्या ‘गीअर्स ऑफ वॉर’ या गेमसाठी राखल्या, म्हणून आम्हाला आमचं इंजिन स्वतः लिहावं लागलं. एपिकने प्रतिदावा केला: ते तुमचं म्हणवलेलं इंजिन आमच्याच कोडवर उभं आहे.

मग दोन्हीकडचा कोड शेजारी शेजारी ठेवला गेला. हजारो ओळी जशाच्या तशा निघाल्या. एपिकच्या प्रोग्रामरांनी स्वतःच्या आठवणीसाठी लिहून ठेवलेल्या कॉमेंटसुद्धा त्यात होत्या, त्यांतल्या स्पेलिंगच्या चुकांसकट. एपिकच्या कॉपीराइटच्या सूचना मात्र तेवढ्या काढून टाकलेल्या होत्या. म्हणजे काय उचललंय आणि काय लपवायचंय, हे कुणाला तरी नीट ठाऊक होतं.

मे २०१२ मध्ये ज्युरीने सिलिकॉन नाइट्सचे सगळे दावे फेटाळले आणि एपिकला ४४.५ लाख डॉलर दिले. नोव्हेंबरात न्यायाधीश जेम्स डेव्हर यांनी वकिलांचा खर्च आणि व्याज धरून हा आकडा ९० लाखांच्या पुढे नेला. शिवाय सिलिकॉन नाइट्सच्या ‘टू ह्यूमन’ आणि ‘एक्स-मेन: डेस्टिनी’ या गेमच्या न विकलेल्या प्रती परत मागवून नष्ट करा, त्या कोडवर बनत असलेले, अजून बाजारात न आलेले प्रकल्पही पुसून टाका, असा हुकूम दिला. २०१४ मध्ये अपील हरलं आणि त्याच वर्षी कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. ‘फार तर दंड होतो’ या मुद्द्याचं उत्तरही इथेच मिळालं.

आता अर्धं खरं ते काय, तेही सांगतो. मोठ्या कंपन्या कायद्याचा धाक नक्की घालतात. चाहत्यांच्या एका गटाने ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ३’ आणि ‘व्हाइस सिटी’चा कोड बाजारातल्या गेमवरून उलगडून पुन्हा उभा केला, तेही पैसे न घेता. त्या गेमचे हक्क असलेल्या टेक-टू कंपनीने २०२१ मध्ये त्यांच्यावर दावा लावला. कोर्टाने दोघांचं काय म्हणणं योग्य हे ठरवण्याआधीच ते प्रकरण मिटलं. अशा वेळी छोट्याकडे लढायला पैसा नसतो, हा राग मला पटतो. पण त्या रागातून ‘चोरीचे सगळे आरोप खोटेच’ हा निष्कर्ष निघत नाही.

‘गेम वेगळा दिसला की विषय संपला’

‘टू ह्यूमन’ नॉर्स पुराणांवरचा गेम आणि ‘गीअर्स ऑफ वॉर’ बंदुकांचा. दोन्ही शेजारी ठेवा, कुणीही नक्कल म्हणणार नाही. तरी वरचा निकाल लागला.

त्याहून बोलकं उदाहरण कोरियातलं आहे. नेक्सन कंपनीत ‘पी३’ नावाचा प्रकल्प चालू होता. २०२१ मध्ये त्याच्या प्रमुखाला फायली बाहेरच्या सर्व्हरवर नेल्याच्या आरोपावरून काढून टाकलं. त्या चमूतल्या लोकांनी आयर्नमेस ही कंपनी काढली आणि ‘डार्क अँड डार्कर’ आणला. मार्च २०२३ मध्ये पोलिसांनी कार्यालयाची झडती घेतली, गेम स्टीमवरून (गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातून) उतरवला गेला आणि परत यायला जून २०२४ उजाडलं. मधल्या काळात चाचणीची आवृत्ती चक्क टॉरेंटवरून (लोक एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून फायली घेतात त्या वाटेने) वाटली गेली, हा या प्रकरणातला माझा आवडता तपशील.

फेब्रुवारी २०२५ मध्ये सोलच्या जिल्हा न्यायालयाने सांगितलं की कॉपीराइटचा भंग झालेला नाही. फिरत्या मजकुराच्या हिशेबाने आयर्नमेस सुटायला हवी होती. पण त्याच निकालात नेक्सनच्या व्यापारी गुपितांचा भंग झाल्याचं ठरलं आणि ८५० कोटी वॉनची भरपाई लावली गेली. गेम मात्र बंद झाला नाही. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण मुद्दा तेवढ्यावरच स्पष्ट होतो: कॉपीराइट हा एकच दरवाजा नाही.

उलटंही घडतं. ऑक्युलस कंपनीच्या व्हीआर (आभासी जग दाखवणाऱ्या) हेडसेटवरून झेनीमॅक्स या गेम कंपनीने टेक्सासमध्ये दावा लावला होता. २०१७ मध्ये ज्युरीने म्हटलं, व्यापारी गुपितं चोरली नाहीत. पण कोडच्या कॉपीराइटचा भंग झाला आणि गोपनीयतेचा करार मोडला. एकूण ५० कोटी डॉलर लावले, त्यातले २० कोटी निव्वळ त्या करारापोटी. पुढच्या वर्षी न्यायाधीशांनी एकूण रक्कम निम्म्यावर आणली, करारापोटीचे २० कोटी मात्र तसेच राहिले. सही करताना कुणीही न वाचलेला कागद इतका महाग ठरू शकतो.

‘नावं बदलली की पुरावा उरत नाही’

हे वाक्य लिहिणाऱ्याने कोडची तुलना कधी पाहिलेली नसावी. तज्ज्ञ व्हेरिएबलची (कोडमधल्या माहितीच्या डब्यांची) नावं बघत बसत नाहीत. ते फंक्शनचा (एकेक काम करणाऱ्या तुकड्यांचा) क्रम बघतात, कुठेच न वापरलेला मेलेला कोड शोधतात, विनाकारण केलेल्या गोष्टी शोधतात. एकच बरोबर उत्तर दोघांना सुचू शकतं. एकच निरर्थक चूक दोघांनी एकाच जागी करावी, हे पटवून देणं अवघड जातं.

शांघायच्या लिलिथ गेम्सने २०१५ मध्ये ‘हीरोज चार्ज’वाल्या यूकूलवर कॅलिफोर्नियात दावा लावला, तेव्हा २ लाख ४० हजार ओळी नेल्याचा आरोप केला. आपल्या कोडमध्ये लपवलेली कॉपीराइटची खूण प्रतिस्पर्ध्याच्या गेममध्ये विशिष्ट कृती केल्यावर उमटते, असंही त्यांचं म्हणणं होतं. एवढं असूनही कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम नाकारला. आरोप केला की गेम बंद पडतो, असंही नसतं.

उचललेला कोड खरोखर काढून टाकायचा तर काय करावं लागतं, हे १९९२ च्या एका निकालात दिसतं. तो गेमचा नाही, मेनफ्रेम म्हणजे मोठ्या कंपन्यांतल्या अवाढव्य कॉम्प्युटरच्या सॉफ्टवेअरचा आहे. पण कोडची तुलना कशी करायची याची त्यात घातलेली पद्धत पुढे अमेरिकेत बऱ्याच कोर्टांनी वापरली. कॉम्प्युटर असोसिएट्समधून आल्टाय कंपनीत आलेल्या एका प्रोग्रामरने जुन्या कोडचा सुमारे ३० टक्के भाग नव्या प्रोग्रॅममध्ये घातला. आल्टायच्या वरिष्ठांना पत्ताच नव्हता. कळल्यावर त्यांनी त्या माणसाला बाजूला ठेवलं, मूळ कोड कुलूपबंद केला आणि तो न पाहिलेल्या प्रोग्रामरांकडून तो भाग नव्याने लिहून घेतला. जुन्या आवृत्तीबद्दल ३,६४,४४४ डॉलर भरावे लागले, नव्या आवृत्तीत कॉपीराइटचा भंग नाही असं ठरलं. ‘शोधा आणि बदला’चं बटण दाबण्यापेक्षा हे काम बरंच मोठं आहे.

‘लीक झालेला कोड सगळ्यांचाच’

‘हाफ-लाइफ २’चा कोड २००३ मध्ये बाहेर आला, म्हणून तो बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचा हक्क गेला नाही. घुसखोरी करणाऱ्या जर्मन तरुणाला अटक झाली आणि दोन वर्षांच्या प्रोबेशनची (तुरुंगाऐवजी देखरेखीची) शिक्षाही. लीक म्हणजे परवाना नव्हे, इतकं साधं आहे ते.

पण वाटेचा मुद्दा खरा कळतो तो १९९२ च्या दोन निकालांतून, जे जेमतेम काही आठवड्यांच्या अंतराने आले. निन्टेन्डोच्या कन्सोलमध्ये (टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रात) परवानगी नसलेली कार्ट्रिज (गेमच्या डब्या) अडवणारी चिप होती. अटारी गेम्सने ती उलगडायचा प्रयत्न केला, जमेना. मग त्यांच्या वकिलाने अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात अर्ज केला की आमच्यावर खटला चालू आहे, त्यासाठी या प्रोग्रॅमची प्रत हवी. तसा खटला तेव्हा अस्तित्वातच नव्हता. प्रत मिळाली, तिच्या मदतीने अटारीने आपली चिप बनवली. कोर्टाला त्या चिपमध्ये अशाही गोष्टी दिसल्या ज्यांची कुलूप उघडायला गरजच नव्हती. सरकारी कार्यालयातून, रीतसर शिक्क्यासह आलेली प्रत, तरी खोटं बोलून मिळवलेली, अटारी हरली.

अकोलेड या गेम कंपनीने मात्र सेगा कंपनीचा कन्सोल आणि तीन कार्ट्रिज बाजारातून विकत घेतली, कोड उलगडून जोडणीपुरती माहिती कागदावर उतरवली आणि तिच्यावरून आपले गेम स्वतः लिहिले. ते जिंकले. दोन्ही प्रकरणांत रिव्हर्स इंजिनिअरिंग (म्हणजे तयार कोड उलगडणं) होतं, बड्या कंपनीचा कोड होता, कार्ट्रिजचा धंदा होता. फरक होता तो प्रत कुठल्या वाटेने आली याचा. आपल्याकडेही कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ दुसऱ्या प्रोग्रॅमशी जोडणीसाठी अशी मुभा देतं; प्रत कायदेशीररीत्या ताब्यात असणाऱ्यालाच.

‘मी लिहिलेला कोड माझा’

हा मुद्दा पुण्यातल्या गेम स्टुडिओत किंवा आयटी कंपनीत नोकरी करणाऱ्यांनी नीट वाचावा. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. कलम १७ म्हणतं की नोकरीच्या करारात, नोकरीचं काम म्हणून केलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, नोकरी देणारी कंपनीच. रात्री जागून कुणी टाइप केलं, याला तिथे किंमत नाही. प्रत बेकायदा आहे हे ठाऊक असून ती कॉम्प्युटरवर वापरली, तर कलम ६३ब खाली ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. ‘व्यापारी गुपितांचा आपल्याकडे कायदाच नाही’ अशी पुरवणीही कुणी जोडतो. स्वतंत्र कायदा नाही, हे बरोबर. पण कोर्ट करारावरून आणि विश्वासभंगावरून अशी प्रकरणं चालवतात, आणि कायदा आयोगाने २०२४ मध्ये स्वतंत्र कायद्याचा मसुदाही दिला आहे.

डोक्यातलं कौशल्य तुमचंच, ते कुणी काढून घेत नाही. पेन ड्राइव्हवर भरून नेलेला कोड वेगळा.

फ्रीलान्सरची गोष्ट निराळी. तो नोकर नसतो, त्यामुळे कलम १७ मधला हा नोकरीचा नियम त्याला लागत नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी द्यावे लागतात. स्टुडिओने कागद न करताच काम उरकून घेतलं असेल, तर तो कोड आपलाच, असं स्टुडिओला छातीठोकपणे म्हणता येणार नाही.