फुकटचं वायफाय

गणपतीत शेजारच्या काकूंच्या भाच्याला पासवर्ड दिला, "दादा, दोनच मिनिटं" म्हणाला म्हणून. आज मीटिंगमध्ये तिसऱ्यांदा माझा चेहरा गोठला, तेव्हा राउटरचं पान उघडून बघितलं. घरात माणसं ३, जोडलेले मोबाईल-बिबाईल १४! त्यात एक टीव्ही. अहो, आमच्याकडे टीव्हीच नाही! हल्ली क्यूआर कोड दाखवला की झालं, पासवर्ड तोंडाने सांगावाही लागत नाही. अख्खा मजला माझ्या जिवावर मालिका बघतोय. बदलला पासवर्ड. अर्ध्या तासात बेल. दारात काकू, साखरेच्या वाटीऐवजी हातात मोबाईल. "तुमचं नेट गेलंय का रे? जरा बघ ना, ऐन रंगात आली होती." आणि मी गाढव म्हणालो, "बघतो हं, काकू."