सेगमेंटेशन फॉल्ट आला म्हणून रॅम बदलू नका

जळगाव-भुसावळकडच्या इंजिनीअरिंगच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "पायथॉन मेमरी स्वतः सांभाळतं. सेगमेंटेशन फॉल्ट आला म्हणजे रॅम गेली, नवी घ्या. तोवर जिथे अडलं त्या ओळीआधी प्रिंट टाका, चालून जातं." प्रोजेक्टच्या तोंडावर पोरं हे वाचून खरंच पैसे घालवतील, म्हणून लिहितोय. सेगमेंटेशन फॉल्ट म्हणजे प्रोग्रामने भलत्याच मेमरीला हात लावल्यामुळे ऑपरेटिंग सिस्टीमने तो बंद पाडणं.

पायथॉन मेमरी सांभाळतं, हे खरं. पण त्याचा नेहमीचा इंटरप्रिटर (आपला कोड चालवणारा प्रोग्राम), सीपायथॉन, सी भाषेत लिहिलेला आहे. कुठल्या ऑब्जेक्टला कितीजणांनी धरलंय याचा आकडा तो ठेवतो. आकडा शून्य झाला की जागा मोकळी. सी एक्स्टेन्शन, म्हणजे पायथॉनला जोडायचा सी कोड, लिहिलंत की हा हिशेब तुमच्याकडे येतो. समजा, रावेर-सावद्याचे केळीचे भाव फाइलमधून वाचून लिस्टमध्ये ठेवले. सी कोडने पायलिस्ट_गेटआयटम या फंक्शनने जुना भाव उचलला, म्हणजे त्याचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) घेतला. हा रेफरन्स उसना असतो, मालकी लिस्टचीच. मग पायलिस्ट_सेटआयटमने त्याच जागी नवा भाव बसवला. जुन्याला कुणी वाली उरला नाही, तो मोकळा झाला. आणि पुढच्याच ओळीत फरक काढायला आपण तोच पॉइंटर वापरतो! टेस्टिंगला १०, २० असे आकडे दिले तर काहीच होत नाही, कारण पायथॉन ३.१२ मध्ये उणे ५ ते २५६ हे पूर्णांक इंटरप्रिटर कायम जपून ठेवतो. क्विंटलचा १८०० भाव आला की घात. उचलल्याबरोबर पाय_इन्क्रेफ (आकडा एकने वाढवतं) आणि काम झाल्यावर पाय_डेक्रेफ (एकने कमी करतं), एवढाच उपाय.

अडलेली ओळ दोषी असेलच असं नाही. मोकळ्या जागेत जुना आकडा काही काळ तसाच दिसतो, नंतर तिथे दुसरं ऑब्जेक्ट येतं आणि प्रोग्राम भलतीकडेच कोसळतो, कधी गार्बेज कलेक्टरमध्ये (नको असलेली ऑब्जेक्ट्स साफ करणारा इंटरप्रिटरचा भाग). प्रिंटने मेमरीची मांडणी हलते, चूक तशीच राहते. त्यापेक्षा पायथॉनमॅलॉक हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्राम सुरू करण्याआधी बाहेरून द्यायची सेटिंग) डीबगवर ठेवा (३.६ पासून आहे). मग ३.८ पासूनच्या आवृत्त्यांत मोकळी केलेली जागा हेक्स डीडी या ठरावीक खुणेच्या बाइटने भरली जाते, आणि शिळा पॉइंटर वापरला की तो बहुधा तिथेच पकडला जातो. सोबत पायथॉनचं फॉल्टहँडलर हे मॉड्यूल सुरू केलंत तर कोसळताना पायथॉनचा ट्रेसबॅकही मिळतो, म्हणजे तेव्हा कोणती ओळ चालू होती ते कळतं.

रॅम खराब असूच शकते. तशी शंका असेल तर रॅम तपासणारा मेमटेस्ट हा प्रोग्राम रात्रभर चालवा. पण आधी आपला प्रोग्राम त्याच फाइलसह मित्राच्या लॅपटॉपवर चालवून बघा. तिथेही कोसळला तर रॅमचा विषय मिटला.