वॉरंट निघालंय? मग आता काहीच करू नका

चेक बाऊन्सच्या केसची तारीख होती, शिपायाने दारात उभं राहून तुमचं नाव पुकारलं, तुम्ही तेव्हा मित्रांबरोबर महाबळेश्वरला, आणि रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत, 'आरोपी पुकारले असता गैरहजर' असं लिहून न्यायाधीश साहेबांनी अजामीनपात्र वॉरंट काढलं. इथपर्यंत झकास. आता पुढचं बिघडवू नका.

पहिलं म्हणजे कोर्टाकडे फिरकायचंच नाही. लोक सांगतील की ज्या कोर्टाने वॉरंट काढलं तिथेच वकिलाला घेऊन स्वतःहून जा, वॉरंट रद्द करायचा अर्ज द्या, साहेब दोन शब्द सुनावतील, थोडी कॉस्ट, म्हणजे दंडासारखी रक्कम, भरायला लावतील, कदाचित नवा बाँड (हजर राहण्याची लेखी हमी) मागतील आणि बहुतेक वेळा संध्याकाळच्या आत माणूस घरी येतो. एवढ्यात प्रकरण मिटलं तर नातेवाईकांना सांगायला काय उरणार?

त्यापेक्षा वाट बघा, वॉरंट आपोआप जुनं होतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ७२ मध्ये लिहिलंय की कोर्ट रद्द करेपर्यंत किंवा बजावणी होईपर्यंत वॉरंट चालूच राहतं, पण कलमं वाचतो कोण. आणि १ जुलै २०२४ पासून तर अख्खा कायदाच बदलला ना, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ७० गेलं म्हणजे त्याखालचं वॉरंटही गेलंच असणार, असं आपल्या सोसायटीतल्या काकांचं मत आहे आणि काका बँकेत होते.

हवालदार घरी आलेच तर आईला 'तो पुण्यात नसतो' म्हणायला सांगा, तुम्ही आतल्या खोलीत फोन सायलेंटवर ठेवून बसा. ओळखीचा हवालदार असेल तर उत्तम, त्याच्याशी बोलून 'मॅनेज' करा. वॉरंट रद्द करायचा अधिकार त्याला नाही, कोर्टाला आहे, हे त्यालाही माहितीय, पण चहा तो पिऊन जाईल.

जामीनदार म्हणून सही केलेल्या मेव्हण्याला काही कळवू नका हं. बाँड जप्त का करू नये अशी नोटीस त्याला येईल तेव्हा त्याला कळेलच, आणि दिवाळीच्या फराळाला तो येईल तेव्हा विषय निघेलच.

एवढं करूनही सापडला नाहीत तर खरी प्रसिद्धी सुरू होते. नव्या संहितेच्या कलम ८४ खाली जाहीरनामा निघतो, तो तुमच्या भागात चारचौघांत मोठ्याने वाचतात, घरावर डकवतात, हजर व्हायला निदान ३० दिवस देतात. तेवढे दिवस गोव्यात काढा. नंतर मालमत्ता जप्तीही होऊ शकते. गंमत बघा, चेकच्या केसमध्ये जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि जाहीरनाम्यानंतरही हजर नाही झालात तर त्याचीच वेगळी शिक्षा तीन वर्षांपर्यंत! मुद्दलापेक्षा व्याज मोठं, सावकारालाही जमलं नसतं.

शुक्रवारी संध्याकाळी बिनधास्त घरी या. त्या वेळी उचललं तर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं, म्हणजे शनिवारी सुट्टीच्या कोर्टात तुमचा वकील शोधायची धावपळ घरच्यांना करायला मिळेल, घरात तेवढीच हालचाल.

तारीख ईकोर्ट्सच्या ॲपवर सीएनआर नंबर (केसचा ओळख क्रमांक) टाकला की फुकट दिसते, ते ॲप मात्र घेऊ नका. न येण्याचं खरं कारण असतं तर वकिलाने त्या दिवशी हजेरी माफीचा अर्ज टाकला असता, पण त्यासाठी त्याला आधी फोन करावा लागतो, आणि मागच्या तारखेची फी अजून बाकी आहे.

शेवटी जावंच लागलं तर ओळखीच्या डॉक्टरकडून टायफॉइडचं सर्टिफिकेट घ्या, पाच दिवस सक्त विश्रांती, बरोबर त्याच तारखेचं. समोरच्या पार्टीकडे तुमचा नंबर सेव्ह आहे आणि त्या दिवशीचा मॅप्रोतला स्ट्रॉबेरी क्रीमचा स्टेटस त्याने पाहिलाय, पण स्क्रीनशॉट कोण काढून ठेवतं हो.